आठव्या पिल्लाचा दोरा

१

घरातून काही गेलं तर काय शोधायचं ते कळतं. पण घरात काही वाढलं तर काय करायचं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं.

सकाळी सहाला आक्का पिल्लांच्या खोलीत आल्या. काखेत वजनाची वही, कानामागे पेन्सिल. अकरा दिवस हाच नेम. लाकडी खोक्यात त्यांची काळीभोर लॅब्राडोर कुत्री, कोकिळा, आडवी पसरली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लांची काळी, मऊ, हलती रास लागली होती. आक्कांनी सवयीनं गळ्यातले लोकरीचे दोरे मोजले. लाल, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा, जांभळा, केशरी. सात.

मग लालच्या पलीकडे, कोकिळेच्या मांडीखाली तोंड खुपसून दूध ओढणारं आणखी एक दिसलं. त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं.

आक्कांनी पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं. मग शेजारच्या तिवईवर बसल्या आणि शांतपणे हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. आणि येताना देवाचं नाव घेऊन ये."

सून आली. मुलगा बोटीवर असतो, घरात या दोघीच.

"मोज," आक्का म्हणाल्या.

सुनेनं मोजलं. "आठ."

"कोकिळा व्यायली तेव्हा तू होतीस, मी होते, डॉक्टर होते. किती झाली?"

"सात."

"मग हे आठवं काय आभाळातून पडलं?"

सून पुढे वाकली. बिनदोऱ्याचं पिल्लू तिनं अलगद उचललं, गरम पाण्याची पिशवी घातलेल्या छोट्या टोपलीत ठेवलं आणि पाच-दहा मिनिटांत बाटलीनं दूधही पाजलं. ते पठ्ठ्यासारखं प्यायलं.

आक्कांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं ते आठवं गुपचूप कुणाला तरी देऊन टाकलं असतं आणि हात झटकले असते. आक्कांनी फोन उचलला आणि नोंदणी कार्यालयाला खरं ते सांगितलं.

त्या खरं बोलण्याची किंमत मोठी होती. ही सातही पिल्लं अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या शाळेला द्यायची होती. शाळेची अट एकच: आई-बापाच्या रक्ताची तपासणी झालेली हवी आणि प्रत्येक पिल्लू त्याच आई-बापाचं असल्याचा पुरावा हवा. वेतात परकं पिल्लू सापडलं की त्याच दिवशी नमुने आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. 'ही सात माझ्यासमोर जन्मली' अशी सही करायची, आणि सातांतलं एक जरी परकं निघालं, तर अख्खं वेत बाद आणि पाळणाऱ्याचं नाव नोंदणीतून कायमचं खोडलेलं.

"कशाला हात लावू नका," फोनवरचा आवाज म्हणाला. "वजनसुद्धा करू नका. ते बेवारशी तेवढं वेगळं ठेवा. मी निघालोच."

अकरा दिवसांत पहिल्यांदा वहीतला सकाळचा रकाना कोरा राहिला.

२

नोंदणीवाले दारातच तीनदा शिंकले.

"तीस वर्षं कुत्र्यांच्या नोंदणीत काढली," ते नाक पुसत म्हणाले, "आणि कुत्र्याच्या केसाचं वावडं. देवाला विनोद सुचला तेव्हा त्याला माझंच नाक सापडलं."

बुटके, जाड भिंगांचा चष्मा, हातात फुगलेली चामडी बॅग. त्यांनी आधी हात धुतले, मग चपला बाहेर ठेवून पुन्हा हात धुतले. त्याबरोबर आक्कांचं त्यांच्याबद्दल बरं मत झालं.

"आता एक तास कुणीही दूध प्यायचं नाही," त्यांनी सांगितलं. "गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. तोंडात आईचं दूध असलं तर प्रयोगशाळेत पिल्लाऐवजी आईच तपासली जाते. घाईघाईत नमुने घेतात लोक, आणि मग गळा काढतात की पिल्लू हुबेहूब आईसारखं निघालं."

कोकिळेला जाळीच्या दारापलीकडे, ओसरीवर नेलं. सात पिल्लं मोठ्या टोपलीत, आठवं छोट्या टोपलीत, दोन्हींवर उबेचा दिवा. नोंदणीवाल्यांनी खिशातून स्वयंपाकघरातलं एक गोल घड्याळ काढलं, साठावर फिरवलं आणि फळीवर ठेवलं.

त्या घड्याळाची टिकटिक आणि ओसरीच्या फरशीवर कोकिळेच्या नखांची टकटक, दोन्ही एकदमच सुरू झाल्या. ती दारापर्यंत यायची, जाळीला नाक लावायची, वळायची, भिंतीपर्यंत जायची, पुन्हा वळायची. आत पिल्लांनी कुईकुई सुरू केली. असा तास फार लांब असतो.

डॉक्टर आधीच येऊन बसले होते. तरुण, शिकलेले, पण आज बॅगेचा पट्टा उगाच बोटाला गुंडाळत होते. त्यांनी ओसरीवर जाऊन कोकिळेला तपासलं.

"ताप नाही. दूध उत्तम. स्तनापाशी थोडे ओरखडे आहेत, ताजे. पिल्लांची नखं लागतात."

"नखं परवाच कापलीत मी," आक्का म्हणाल्या. "सातही जणांची. दर आठवड्याला कापते."

"मग एखादं राहिलं असेल."

"माझ्याकडून?" आक्कांनी इतक्या सौम्यपणे विचारलं की डॉक्टर लगेच मलम लावायला वाकले.

नोंदणीवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शिंकले.

"काल रात्री खोलीत कोण झोपलं होतं?"

"कुणीच नाही," आक्का म्हणाल्या. "दहा रात्री मीच होते, या खोक्याला हात लावून. काल पहिल्यांदा आत झोपले. संध्याकाळी सहाला वजन केलं तेव्हा सात होती. सकाळी आठ."

"म्हणजे ज्यानं केलं त्याला कालची रात्र मोकळी आहे हे ठाऊक होतं."

आक्का काही म्हणणार इतक्यात बाहेरून फाटक करकरलं आणि एक भारदस्त आवाज आला, "ऐकलंय ते खरं का, आक्का? कोकिळेच्या घरट्यात कावळ्याचं पिल्लू सापडलं म्हणे."

३

हे शेजारी. मिशांवरून सगळे त्यांना मिशाळ म्हणत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" नोंदणीवाल्यांनी विचारलं.

"भिंत कमरेएवढी आहे साहेब, आणि आक्कांचा आवाज डोक्याएवढा."

"काल संध्याकाळी हे भिंतीवरून वाकून पाहत होते," आक्का म्हणाल्या. "विचारा, का ते."

"पाहत होतो. पाहायला बंदी आहे का? तीन वेळा पिल्लू मागितलं, तीन वेळा नाही म्हणाल्या. नात्यागोत्यातल्यासारखे शेजारी आम्ही, आणि या मला अर्ज भरायला लावतात. 'नसबंदी करणार का? घरी दिवसभर कोण असतं? जिने किती?' अहो, मुलीचं लग्न जमवताना मला इतकं कुणी विचारलं नव्हतं."

"लग्न जमवताना विचारलं असतं तर बरं झालं असतं," आक्का पुटपुटल्या.

"ऐकलं मी ते." मिशाळ टोपल्यांकडे वळले. "आणि साहेब, माझ्यावर संशय असेल तर एवढाच विचार करा: मला चोरायचंच असतं तर एक कमी झालं असतं. जास्त कशाला करीन?"

"अदलाबदल करायची असेल तर," नोंदणीवाले म्हणाले. "आपलं आत ठेवायचं, दुसऱ्याचं उचलायचं. मध्येच कुणाची चाहूल लागली तर आत ठेवणं होतं, उचलणं राहून जातं. मग आठ होतात."

मिशाळांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच थांबला.

"पण त्यासाठी आधी आपलं पिल्लू हवं," नोंदणीवाले सावकाश म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे?"

"एक म्हातारा बोका आणि चौदा वर्षांचा कुत्रा. दोघांनाही आता जिना चढवत नाही."

"गावात दुसरीकडे कुठे लॅब्राडोर व्यायली आहे का हल्ली?" नोंदणीवाल्यांचा हा प्रश्न सगळ्यांनाच होता.

डॉक्टरांनी पट्टा बोटाला आणखी एक वेढा दिला. "मी एकाच्या कुत्र्याबद्दल दुसऱ्याशी बोलत नाही."

"असेल व्यायली," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकाएकी पाटीवर खडू ओढल्यासारखा झाला. "माझा कुणाशी संबंध नाही."

नोंदणीवाल्यांनी बॅगेवर नुसता हात ठेवला. त्या बॅगेत गेल्या महिन्याभरात व्यायलेल्या प्रत्येक कुत्रीचं कार्ड होतं. त्यांनी ती उघडली नाही.

तेवढ्यात सून आली. एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या हातात दुधाची बाटली.

"ते बिचारं रडतंय. याला थोडं पाजू का?"

"तास होईपर्यंत नाही, ताई." नोंदणीवाल्यांनी बाटली हातात घेतली, बूच पाहिलं, प्रकाशात धरली. "छान उकळून स्वच्छ केलीय. घरात असतेच वाटतं नेहमी?"

"छे," आक्का म्हणाल्या. "अकरा दिवसांत बाटली लागली नाही. देवाच्या दयेनं कोकिळेला दूध मुबलक आहे."

सुनेनं चहाचे पेले एकेक करून खाली ठेवले. शेवटच्या पेल्यातला चहा बशीत सांडला. घड्याळात अडतीस मिनिटं उरली होती.

४

मिशाळ आणि डॉक्टर ओसरीवर जाऊन बसले. नोंदणीवाले मोठ्या टोपलीपाशी उकिडवे बसले आणि पिल्लांना बोट देऊ लागले. आंधळी तोंडं बोट चोखून पाहायची, फसवणूक कळली की पंज्यांनी ढकलायची. लालनं ढकललं. पिवळ्यानं ढकललं. हिरव्यानं ढकललं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

बोटावर एक बारीक लाल रेघ उठली होती.

ते छोट्या टोपलीकडे सरकले. बिनदोऱ्याच्या पिल्लानं बोट पंज्यात धरलं आणि जोरजोरात दाबलं, पिल्लं आईचं स्तन दाबतात तसं. हाताला नुसत्या गुदगुल्या झाल्या.

नोंदणीवाले बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. शिंकायचंही विसरले.

"आक्का," ते म्हणाले, "मघाशी मी फोनवर एक चूक केली. तुम्हाला वजन करू नका म्हणालो. काटा आणा."

"आता? तुम्हीच तर..."

"मीच. आणि ती वहीपण."

काटा आला. एकेक पिल्लू ताटलीत ठेवलं गेलं. लाल कालच्यापेक्षा तीस ग्रॅमनं वर. पिवळा पंचवीस. निळा, पांढरा, जांभळा, केशरी, सगळे थोडे थोडे वर. देवाचा नियमच आहे तो. आईचं दूध रोज काट्यावर दिसतं.

"आता हिरवा. काल संध्याकाळी किती?"

"नऊशे चाळीस," आक्कांनी वाचलं.

काट्यावर आकडा स्थिरावला. आठशे साठ.

आक्कांनी पिल्लू उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. आठशे साठ.

"रात्रभरात ऐंशी ग्रॅम? हा आजारी आहे. डॉक्टरांना..."

"थांबा. हे बिनदोऱ्याचं ठेवा."

नऊशे साठ.

कोकिळा जाळीपाशी येऊन उभी राहिली होती. आता टकटक थांबली होती, फक्त घड्याळ चालू होतं.

"कालच्या ओळीत हिरव्यापुढे आणखी काय लिहिलंय?" नोंदणीवाल्यांनी विचारलं. "तुम्ही काहीतरी लिहिलंय, मला इथून दिसतंय. वाचा."

आक्कांनी वही दिव्याखाली धरली. अक्षर त्यांचंच होतं, रोजचं, सरळ. "हिरवा. नऊशे चाळीस. डावा डोळा किलकिला झाला."

त्यांनी हिरव्या दोऱ्याचं पिल्लू उजेडात धरलं. दोन्ही डोळे शिवल्यासारखे घट्ट मिटलेले होते.

मग बिनदोऱ्याचं उचललं. डाव्या पापणीची बारीकशी चीर उघडली, आणि आतून निळसर, ओला, अजून काहीही न ओळखणारा एक डोळा आक्कांकडे पाहू लागला.

"एकदा उघडलेला डोळा पुन्हा मिटत नाही, आक्का," नोंदणीवाले म्हणाले. "दोरा हिरवा आहे, पण हे पिल्लू हिरवा नाही. हिरवा तो आहे, छोट्या टोपलीत. तुमच्या हातानं वेगळा काढलेला."

५

आक्का तिवईवर बसल्या. तीस वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या की पिल्लू ओळखायचं तर हातानं ओळखा, नाकानं ओळखा. आणि आज सकाळी त्यांनी फक्त दोरे मोजले होते. अकराला बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्याची गाडी आठव्याला न्यायला यायची होती. त्यांनीच बोलावली होती. स्वतःचं पिल्लू त्या गाडीत देऊन परक्याला आपलं म्हणून सही केली असती.

"मिशाळ," त्या उठत म्हणाल्या. "दोरा बदलून परकं आत ठेवलं, हिरवा न्यायच्या आधी मी उठले असेन. सापडलं मला."

"मी इथे चहा पितोय, आक्का," ओसरीवरून आवाज आला. "चोर चहाला थांबत नसतो."

"बसा," नोंदणीवाले आक्कांना म्हणाले. "चोराचा हात असा नसतो. हा दोरा पाहा. पिल्लाचा गळा रोज वाढतो म्हणून तुम्ही एक बोट मावेल एवढी ढील ठेवता. ज्यानं हा दोरा बांधला त्यानंही बरोबर एक बोट ढील ठेवलीय. अंधारात, भीत भीत, तरीसुद्धा. चोराला त्या पिल्लाच्या उद्याच्या गळ्याची काय पडलीय?"

"मग?"

"दुसरं. कोकिळेनं परकं पिल्लू हुंगलं आणि पोटाशी घेतलं. आईचं नाक असं सहज फसत नाही. ते पिल्लू आधी याच खोक्यातल्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं असलं पाहिजे, निदान एक दिवस. त्याला या घराचा वास चढवलेला. खोक्याच्या चादरी किती आहेत?"

"आठ. जुन्या घोंगडीच्या कापून केल्यात."

"दोरीवर पाच, खोक्यात एक, टोपलीत एक. मी येतानाच मोजल्या. आठवी घराबाहेर आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिसरं, काल आत झोपायचं तुम्हाला कुणी सुचवलं?"

आक्कांनी दाराकडे पाहिलं.

"आणि चौथं. सहाला तुम्ही आठवं पाहिलंत. पाच-दहा मिनिटांत त्याला बाटली मिळाली. बाटली उकळायची, निववायची, दूध कालवून अंगाच्या उबेइतकं कोमट करायचं, याला अर्धा तास सहज लागतो. ज्या घरात अकरा दिवस बाटली लागली नाही, तिथे ती पिल्लू सापडायच्या आधीच तयार होती."

चौकटीत सून उभी होती. रिकामा ट्रे छातीशी धरून.

"आईंना कशाला विचारता," ती नोंदणीवाल्यांना म्हणाली. "मला विचारा."

६

"मामांची कुत्री गेली परवा," सून म्हणाली. "पोटाला पीळ बसला. डॉक्टरांनी रात्री फाडून पाहिलं, नाही वाचली. दोनच पिल्लं होती नऊ दिवसांची. एक तिच्या मागोमाग गेलं. हे एक राहिलं."

मामा म्हणजे आक्कांचा सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षं झाली, या घरात त्याचं नाव निघत नव्हतं.

"पहिल्या दिवशी बाटली ओढली यानं. काल सकाळपासून चोखायचंच सोडलं. मामा मांडीवर घेऊन बसलेले, बोटानं दूध चाटवत होते. मला म्हणाले, 'तुझ्या सासूला सांगू नकोस.' आई, मी तुम्हाला विचारणार होते. परवा जेवताना नुसतं 'मामा' म्हटलं, आणि तुम्ही ताटावरून उठलात."

"बाहेरचं पिल्लू आणलंस माझ्या खोलीत," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सून मागे सरली. "रोग आला असता. सातच्या सात गेली असती. तुला शिकवलं नाही मी?"

"डॉक्टरांना विचारलं होतं."

डॉक्टर आत आले. पट्टा अखेर बोटावरून सुटला होता. "रक्त तपासलं, विष्ठा तपासली. काही नाही. पण मला वाटलं ती तुम्हाला विचारून करतेय, आक्का. विचारलं नाही मी. माझी चूक."

"आणि दोरा का बदललास?" नोंदणीवाल्यांनी विचारलं. त्यांना ते बहुधा कळलं होतं, पण तिच्या तोंडून हवं होतं.

"बिनदोऱ्याचं आई बाहेर काढणार हे ठाऊकच होतं. हे बाहेर काढलं असतं तर संध्याकाळपर्यंतही टिकलं नसतं. हिरवा धट्टाकट्टा. तो बाटलीवर राहिला असता. पाहिलंत ना सकाळी, कसा प्यायला? गाडी आली असती तर मीच मागून घेतला असता, मिशाळकाकांकडे ठेवला असता. नमुने तर आठव्या आठवड्यात घेतात. तोवर दोरे परत बदलले असते."

"मला कुणी विचारलं नव्हतं हं," ओसरीवरून मिशाळ म्हणाले. "विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. बिनअर्जाचं मिळत होतं."

"आणि आज मी सही केली असती तर?" आक्का म्हणाल्या.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही फोन कराल असं वाटलंच नाही मला."

जाळीपलीकडे टकटक पुन्हा सुरू झाली होती.

"फोन केला," आक्का शेवटी म्हणाल्या, "कारण एकदा केला नव्हता."

आठ वर्षांपूर्वी भावानं दोन कुत्री एकत्र आणली. दोन्ही दिसायला धडधाकट. तपासणी करून घे, असं आक्का म्हणाल्या, तो हसला. दोघांच्याही रक्तात एक दोष अर्धा अर्धा लपलेला होता. असे दोन अर्धे एकत्र आले की चारांतलं एखादं पिल्लू मोठेपणी हळूहळू आंधळं होतं. आक्कांना शंका होती, तरी भाऊ म्हणून त्या गप्प राहिल्या. त्यातलं एक पिल्लू त्याच शाळेत गेलं, शिकलं, एका अंध माणसाला मिळालं. आणि वाट दाखवणाऱ्या त्या कुत्र्यालाच एक दिवस फूटपाथची कड दिसली नाही. माणूस हात मोडण्यावर वाचला. त्या दिवसापासून आक्कांनी भावाचं तोंड पाहिलं नाही.

"तो कुत्रा कुठे आहे माहीत आहे तुम्हाला?" सून म्हणाली.

"कुठे असणार?"

"मामांकडे. त्यांनी मागून आणला. आता पूर्ण आंधळा आहे. मामा रोज दोन वेळा त्याला फिरवतात. पायरी आली की थांबतात आणि 'पायरी' म्हणतात."

तिनं ट्रेखालून घडी घातलेला एक कागद काढला. "आणि हे. मी काल मागून घेतलं, कधी ना कधी तुम्हाला दाखवायला."

आक्कांनी तो दिव्याखाली धरला. या पिल्लाच्या आईची तपासणी. बापाची तपासणी. त्या दोषापुढे दोन्हीकडे एकच शब्द: निर्दोष. तारखा पिल्लांच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या.

"खरं आहे हे?" त्यांनी कागद नोंदणीवाल्यांपुढे केला.

"शिक्का माझ्या कार्यालयाचा आहे. एवढंच सांगतो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार वर्षं त्यांचे नमुने येतात, आक्का. जोडी जमवायच्या आधी, दर वेळी. कागद खोटं बोलत नाही. पण कुणी विचारल्याशिवाय आपण होऊन बोलतही नाही."

घड्याळ वाजलं.

७

नोंदणीवाल्यांनी आठही पिल्लांच्या गालांतून काड्या फिरवल्या. सगळ्यांत जास्त कुरकुर खऱ्या हिरव्यानं केली. आक्कांनी त्याच्या गळ्यात त्याचा दोरा पुन्हा बांधला, एक बोट ढील ठेवून. मग प्रतिज्ञापत्रावर सही केली.

"खाली एक ओळ वाढवा," त्या म्हणाल्या. "परकं पिल्लू घरातल्याच माणसानं आणलं होतं. कुणी, ते शाळेला मी स्वतः सांगेन."

मग त्यांनी गेटवर निवाऱ्याची गाडी आली का ते पाहायला मिशाळांना पाठवलं. "आली असेल तर सांगा, इथे बेवारशी कुणी नाही."

"अर्ज भरून सांगू, का तोंडी?" मिशाळ म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता निघाले.

सात पिल्लं खोक्यात गेली. कोकिळेला आत सोडताच ती धावत आली, वर्तुळ काढून आडवी झाली, आणि सात तोंडं सात जागी चिकटली. तिनं एकेकाला चाटलं. मग मान वर केली. आठवं आक्कांच्या हातात होतं. ते ओरडतही नव्हतं. नुसतं मान हलवून काहीतरी शोधत होतं.

कोकिळा मान खाली घालेना.

सून भिंतीला टेकून उभी होती.

"बघतेस काय," आक्का म्हणाल्या. "नखं कापायची कात्री आण. हे असंच आत ठेवलं तर तिचं पोट फाडून काढील."

अठरा नखं होती. एकेक टोक, भिंगाखाली, श्वास रोखून. मग आक्कांनी आपल्या तपकिरी स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा ओढला, वीतभर तोडला, आणि आठव्याच्या गळ्यात बांधला. पिल्लू खोक्यात ठेवलं. कोकिळेनं त्याला नाकानं एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं, आणि आपल्या मांडीखाली ढकललं, सकाळी होतं तिथेच.

नोंदणीवाले दाराशी चार वेळा शिंकले आणि चपला शोधायला गेले.

आक्कांनी वही उघडली. कोऱ्या राहिलेल्या सकाळच्या रकान्यात सात आकडे भरले. मग पट्टीनं एक नवीन रेघ ओढली आणि आठवा रकाना केला. वर लिहिलं, 'तपकिरी. पाहुणा. नोंदणीबाहेर.' खाली लिहिलं, आठशे साठ.

"फोन लाव," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" सुनेनं विचारलं, आणि मग न विचारल्यासारखा लावून हातात दिला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. कुणीतरी उचलला. श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी एका म्हाताऱ्या कुत्र्याचं भुंकणं.

"आठशे साठ भरलं," आक्का म्हणाल्या. "काल किती होतं?"

मग भावाचा आवाज आला, चार वर्षांनी, घोगरा. "आठशे नव्वद."

"म्हणजे तीस गेले. ते चार दिवसांत भरून येतील." त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "संध्याकाळी सहाला पुन्हा वजन आहे. चपला बाहेर काढ, हात धू, आणि ती चादर आण माझी. आणि ऐक, त्यालाही आण. पायरी एकच आहे, पण त्याला आधी सांग."